दोषदुरुस्तीची भाषा : परभणी जिल्ह्यातील संस्था-कारभाऱ्यांच्या परस्पर-शिक्षणाची एक चिकित्सा

व्यवसायी मनुष्य आपल्या व्यवसायातील नव्या अडचणी ग्रंथांवरून शिकत नाही, तर समव्यवसायी मंडळींकडून शिकतो, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्याची तपासणी करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. कंपनी-कारभाराच्या क्षेत्रात तर ह्या विधानास सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभली आहे. कंपनी सचिवांच्या अखिल भारतीय संस्थेच्या शाखा, त्यांची अभ्यासमंडळे, वार्षिक परिषदा, सहकारी बँकांचे मेळावे, साखर कारखान्यांच्या संचालकांचे अभ्यासदौरे, हे सारे त्याच गृहीतावर उभे आहे. गृहीत खोटे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु समव्यवसायी मंडळी एकमेकांस नेमके काय शिकवितात, कोणत्या भाषेत शिकवितात आणि काय शिकविण्याचे टाळतात, हे प्रश्न त्यात वगळले जातात. हे प्रश्न जितके वाणिज्याचे आहेत तितकेच भाषेच्या अभ्यासाचेही आहेत.

परभणी जिल्ह्यात कंपनी-कारभाराचा व्यवसायी शोधावयाचा झाल्यास तो मुंबईच्या नमुन्याचा सापडणार नाही. येथे हे काम प्रामुख्याने तिघांकडे आहे. पहिला, विविध कार्यकारी सेवा सोसायटीचा गटसचिव. अनेकदा एकाहून अधिक गावांचे दप्तर एकाच माणसाच्या पिशवीत असते. दुसरा, पतसंस्था, बँक वा कारखाना ह्यांचा व्यवस्थापक किंवा कार्यकारी संचालक. तिसरा, सर्वांत नवा, शेतकरी उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी. सभा बोलाविणे, ठराव लिहिणे, कायद्याने मागितलेली पत्रके वेळेवर भरणे आणि अध्यक्षांस न आवडणारी गोष्ट योग्य वेळी सांगणे, हे तिघांचेही काम. शेवटचे काम कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते. पण नोकरी टिकते वा जाते ती त्यावरच.

ह्या वर्गाच्या शिक्षणाची पूर्वपीठिका समजून घेतल्याशिवाय आजच्या स्थितीचा उलगडा होत नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि दप्तराची भाषा उर्दू होती. बी. रघुनाथ ह्यांच्यासारखा लेखक त्या राज्याच्या बांधकाम खात्यात चाकरी करीत असताना साहित्य मराठीत लिहीत होता, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदली जाते. मात्र पोटापाण्याची भाषा आणि लेखनाची भाषा अशी दुभंगलेली असण्याचा परिणाम साध्या कारकुनी गद्यावर काय झाला, ह्याकडे लक्ष दिले गेलेले नाही. पुढे १९५२ चा हैदराबाद सहकारी संस्था कायदा आला. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. दहा वर्षांच्या अवधीत कायदा, राज्य आणि दप्तराची भाषा अशा तिन्ही गोष्टी बदलल्या. अशा वेळी ज्याला नवा नमुना भरता येत होता त्याच्याकडे जाऊन तो पाहून घेणे, हाच शिकण्याचा व्यवहार्य मार्ग होता. येथील परस्पर-शिक्षणाचा आरंभ असा नमुना उतरवून घेण्यात आहे, आणि त्याची खूण आजही पुसली गेलेली नाही.

ही खूण सर्वांत स्पष्ट दिसते ती दोषदुरुस्ती अहवालात. लेखापरीक्षकाने संस्थेचे दोष दाखविल्यानंतर संस्थेने तीन महिन्यांच्या आत निबंधकास त्यांचा खुलासा करावा, दुरुस्ती करावी आणि ती हकिकत पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, असे अधिनियमाचे कलम ८२ सांगते. त्यासाठी 'ओ' नमुना ठरवून दिलेला आहे. कलमाची कल्पना उदात्त आहे. संस्थेने आपली चूक स्वतःच्या शब्दांत सांगावी आणि ती सभासदांनी ऐकावी, अशी अपेक्षा बाळगणारे दुसरे गद्य मराठी कारभारात क्वचितच आढळेल. तत्त्वतः हा आत्मपरीक्षणाचा वाङ्मयप्रकार आहे.

प्रत्यक्षात ह्या अहवालांची भाषा कशी असते? डाव्या रकान्यात आक्षेप, उजव्या रकान्यात उत्तर. उत्तरे मोजकी आहेत आणि ती सर्वत्र सारखीच आहेत. 'नोंद घेण्यात आली', 'पूर्तता करण्यात आली आहे', 'यापुढे दक्षता घेण्यात येईल'. तिन्ही वाक्ये कर्मणी आहेत. तिन्हींत कर्ता नाही. दक्षता कोण घेईल, कशाची घेईल, पूर्वी ती का घेतली गेली नाही, ह्यांपैकी एकाही प्रश्नाला वाक्यात जागा नाही. जिंतूरच्या संस्थेचे उत्तर उचलून सोनपेठच्या संस्थेच्या रकान्यात बसविले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. वस्तुतः ही उत्तरे अशीच प्रवास करतात. नवा सचिव जुन्या सचिवास विचारतो की, हातशिल्लक मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा आक्षेप आला आहे, काय लिहू? जुना सचिव त्याला आपला मागील वर्षाचा अहवाल काढून देतो. हे परस्पर-शिक्षणच आहे, आणि ते आपुलकीने दिलेले असते. पण त्यात शिकविले जाते ते उत्तर. हातशिल्लक का वाढली होती, हे शिकविले जात नाही.

ती का वाढली असेल, ह्याची कल्पना करून पाहावी. बँकेची शाखा दूर असेल. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असेल. वसुलीच्या दिवशी भरणा करण्यास वाहन मिळाले नसेल. किंवा रोकड कागदावर होती आणि प्रत्यक्षात चेअरमनांच्या घरच्या कार्यात खर्ची पडून आठ दिवसांनी परत आली असेल. पहिल्या प्रकारात दोष व्यवस्थेचा आहे, दुसऱ्यात व्यक्तीचा. पहिल्यावर उपाय वेगळा, दुसऱ्यावर वेगळा. 'यापुढे दक्षता घेण्यात येईल' हे वाक्य दोन्ही प्रकारांवर सारखेच पांघरूण घालते. त्यामुळे पुढच्या सचिवाला, आणि शेजारच्या गावच्या सचिवाला, आपल्यापुढे कोणत्या प्रकारची अडचण आहे हे ओळखण्याचे साधनच उरत नाही.

ह्या कर्मणी गद्याचा दोष भाषांतराच्या माथी मारण्याची रीत आहे. राज्यस्थापनेनंतर इंग्रजी ठरावांची मराठी रूपे बनविताना कर्मणी प्रयोग बोकाळला, असे भाषाभ्यासक सांगतात. त्यात तथ्य आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (इ. स. १७१५-१६) राज्यकारभाराविषयी जे मराठी गद्य आहे, त्यात कोणी काय करावे आणि न केल्यास काय ओढवते हे निःसंदिग्ध सांगितलेले असते, तेव्हा कारभाराची मराठी मुळातच निनावी होती असे मानण्यास आधार नाही. तरीही केवळ भाषांतराचे कारण अपुरे आहे. खरे कारण त्याच अधिनियमात काही कलमे पुढे गेल्यावर सापडते. कलम ८८ अन्वये संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी व्यक्तिशः निश्चित करून ती रक्कम वसूल करता येते. कर्तरी वाक्य लिहिणारा सचिव हा त्या चौकशीचा पहिला साक्षीदार, आणि कित्येकदा पहिला प्रतिवादीही होतो. कंपनी कायद्यातील 'कसूरदार अधिकारी' ही संज्ञा तेच काम करते. कंपनी सचिव तिच्या कक्षेत येतो. अशा स्थितीत कर्ता गाळणे हे भाषेचे अज्ञान म्हणता येणार नाही. ती सावधगिरी आहे. ज्यांनी ही भाषा घडविली ते व्याकरणात कच्चे नव्हते.

इतिवृत्ताच्या बाबतीत तर कायदाच ह्या सावधगिरीला हातभार लावतो. कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम ११८ इतिवृत्तात कामकाजाचा यथार्थ व अचूक सारांश यावा असे म्हणते. आणि लगेच सभाध्यक्षास असा अधिकार देते की, कोणाची बदनामी करणारी, असंबद्ध किंवा कंपनीच्या हितास बाधक अशी बाब त्याने आपल्या विवेकाने वगळावी. शेवटचे शब्द विचार करण्यासारखे आहेत. नुकसानीची चर्चा ही बहुधा कंपनीच्या हितास बाधकच वाटते. मग प्रोसिडिंग बुकात उरते ते 'सखोल चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला'. चर्चा सखोल होती एवढेच कळते, खोलात काय होते ते कळत नाही. जे इतिवृत्तात उतरत नाही ते परभणी जिल्ह्यात कथेत उतरते, असे म्हणण्याचा मोह होतो. आसाराम लोमटे ह्यांच्या 'आलोक'मधील (साहित्य अकादमी पुरस्कार, २०१६) खेड्यातील सत्तासंबंधांचे चित्र ज्यांनी वाचले आहे त्यांस तो अनाठायी वाटणार नाही. परंतु कथेवरून सचिवाने ठराव लिहावयास शिकावे ही अपेक्षा कोणी करणार नाही.

लिहिता येत नाही म्हणून खरे ज्ञान तोंडी चालते. तालुक्याच्या बँकशाखेत, सहायक निबंधकांच्या कचेरीच्या ओसरीवर, लेखापरीक्षणाच्या हंगामात चहाच्या टपरीवर जे बोलले जाते, त्यात कर्ता असतो, कर्म असते आणि क्रियापदही रोखठोक असते. ही शाळा उत्तम आहे, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. ती उत्तम आहे. पण ती सर्वांना खुली नाही. तोंडी सांगितलेले गुपित विश्वासाच्या माणसालाच सांगितले जाते, आणि विश्वास हा आपला तालुका, आपला गट आणि आपला गोतावळा ह्यांच्या वाटेने जातो. बाहेरगावाहून आलेला व्यवस्थापक, प्रथमच ह्या कामात पडलेली तरुण स्त्री, कोणत्याही गटाची नसलेली संस्था, ह्यांना ओसरीवर जागा मिळते. गोष्ट मिळत नाही. परस्पर-शिक्षणाचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ह्या वगळलेल्यांचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

अभ्यासदौऱ्याविषयी थोडक्यातच सांगणे पुरे. मराठवाड्यातील संचालकमंडळे प्रवरानगर, वारणानगर, आणंद पाहून येतात. प्रवरेचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्याकडे होते. शेतकरी संचालकांच्या मंडळात एक परका अभ्यासक वर्षानुवर्षे बसतो, ही त्या प्रयोगातील शिकण्यासारखी गोष्ट होती. दौऱ्यावर गेलेल्यांस दिसतात ती गाळपाची यंत्रे, महाविद्यालय आणि रुग्णालय. यश पाहून परतणारा माणूस अनुकरण करतो, आणि अनुकरणाला तो शिक्षण म्हणतो.

अनुकरण किती महाग पडू शकते, ह्याचे उदाहरण २००२ सालचे आहे. त्या वर्षी नागपूर, वर्धा आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी होम ट्रेड नावाच्या दलाली कंपनीमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे दिले आणि रोखे हाती आलेच नाहीत. एकट्या नागपूरच्या बँकेची रक्कम सुमारे दीडशे कोटी रुपयांची होती. त्या प्रकरणात बँकेच्या माजी अध्यक्षांसह काहींना न्यायालयाने दोषी ठरविले ते डिसेंबर २०२३ मध्ये. एकमेकांपासून इतक्या दूरच्या बँका एकाच दलालाच्या दारी पोहोचतात, तेव्हा शेजाऱ्याने केले म्हणून आपण केले, हा तर्क मनात आल्यावाचून राहत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, रोखे हाती न घेता केवळ कागदावर विसंबून पैसे देण्याचा धोका नवा नव्हता. १९९२ च्या मुंबईतील रोखे-घोटाळ्यात मोठ्या बँका नेमक्या त्याच खड्ड्यात पडल्या होत्या. म्हणजे धडा दहा वर्षांचा जुना होता. पण तो व्यापारी बँकांच्या वर्तुळातच राहिला. समव्यवसायी कोण, ह्याची व्याख्या प्रत्येक वर्तुळ स्वतःपुरतीच करते.

ह्याच्या उलट एक प्रसंग असा की ज्यात धडा खरोखरच पसरला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर संगणकीय हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली आणि अनेक देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले. हा तपशील काही दिवसांतच सर्वांपुढे आला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी संगणक-सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. हा प्रसंग इतका मोकळेपणाने का सांगता आला? पैसे मोठे होते, हे एक कारण. पण दुसरे कारण वाङ्मयप्रकाराचे आहे. बँकेने पोलिसांत फिर्याद दिली. फिर्याद हे मराठी कारभारातील एकमेव गद्य असे आहे की ज्यात दिवस, वेळ, क्रम आणि कर्ता हे सर्व सांगावेच लागते. आणि येथे कर्ता बाहेरचा होता. सांगणाऱ्यावर काहीच शेकत नव्हते. दोष बाहेरचा असला की आपली भाषा कर्तरी होते, घरचा असला की कर्मणी.

घरच्या दोषाचे कर्तरी गद्य अशक्यच आहे, असे मात्र नाही. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी संचालकमंडळास लिहिलेले पत्र प्रथमपुरुषी होते, आणि त्यातील आकड्यांनी लेखापरीक्षक, स्वतंत्र संचालक व कायदेकर्ते ह्या सर्वांनाच पुढील अनेक वर्षे विचार करावयास लावले. पण ते पत्र सर्वस्व गमावल्यानंतरचे होते. शिक्षणाची पद्धत म्हणून त्याची शिफारस कोणी करणार नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांमुळे ह्या प्रश्नाला आता निकड आली आहे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ह्या प्रकाराला स्थान मिळाले आणि २०२० पासून दहा हजार उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेने त्याला वेग आला. सोयाबीन, तूर, कापूस पिकविणाऱ्या परभणीसारख्या जिल्ह्यात ह्या कंपनीचा अधिकारी एकाच वेळी दोन कायद्यांच्या सवयींत वावरतो. संचालक सोसायटीच्या सवयीचे असतात. कागद मात्र कंपनी निबंधकाकडे जातात. १ जुलै २०१८ पासून वार्षिक पत्रकांस उशीर झाल्यास प्रत्येक पत्रकामागे दररोज १०० रुपये अधिक शुल्क पडू लागले. त्याच वर्षी संचालकांना आपली ओळख पुन्हा पटविण्याची सक्ती झाली आणि न पटविल्यास पाच हजारांचे शुल्क ठरले. सर्वसाधारण सभेस एकूण सभासदांपैकी एकचतुर्थांश हजर हवेत, असाही नियम आहे. सभासद हजार असतील तर अडीचशे माणसे गोळा करावी लागतात, आणि तीही सप्टेंबरच्या अखेरीस, जेव्हा सोयाबीनची काढणी तोंडावर असते. गणपूर्ती कशी झाली, ह्याचे खरे उत्तर किती कंपन्यांच्या इतिवृत्तात सापडेल?

तारखा आणि शुल्क ह्यांची माहिती ह्या अधिकाऱ्यांत आता वेगाने पसरते. त्याबाबतीत परस्पर-शिक्षणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. अडते ते पुढे. २०१६-१७ मध्ये तुरीचे अमाप पीक येऊन भाव कोसळले तेव्हा, किंवा २० डिसेंबर २०२१ पासून सोयाबीनच्या वायद्यांचे व्यवहार बंद झाले तेव्हा, साठवलेल्या मालाचे काय करावे ह्याचा निर्णय प्रत्येक मंडळाला घ्यावा लागला. कोणी थांबले, कोणी विकले, कोणी उधारीवर माल देऊन बसले. त्या निर्णयाआधी बैठकीत कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते विचारावयाचे राहिले, हीच तर पुढच्याला उपयोगी पडणारी विद्या. ती अहवालात 'बाजारातील प्रतिकूल परिस्थितीमुळे' ह्या तीन शब्दांत संपते.

विमानचालनाच्या क्षेत्राने ह्या कोंडीवर जो मार्ग काढला, त्याची तुलना येथे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका व थोडक्यात टळलेले प्रसंग प्रथमपुरुषी निवेदनात लिहून पाठवितात. ती निवेदने परवाने देणाऱ्या व शिक्षा करणाऱ्या खात्याकडे जात नाहीत. अंतराळ-संशोधन संस्था ती स्वीकारते, नावे व ठिकाणे काढून टाकते आणि त्यांतील निवडक निवेदने छापून सर्व वैमानिकांस वाचावयास देते. ह्या पद्धतीचे मर्म गुप्ततेत आहे असे वरवर वाटते. ते आहे शिकविणारा आणि शिक्षा करणारा ह्यांना वेगळे ठेवण्यात. सहकारात निबंधकाचे खाते हेच प्रशिक्षणाचा आग्रह धरणारे, तेच चौकशी लावणारे. २०१३ च्या राज्य दुरुस्तीने कलम २४-अ घालून सभासद, अधिकारी व सेवक ह्यांच्या प्रशिक्षणाची सक्ती केली. ते प्रशिक्षण घेणाऱ्या सचिवाने वर्गात उठून आपली चूक सांगावी असे वातावरण सक्तीने निर्माण होत नाही.

सामग्री मात्र जागेवरच आहे. दोषदुरुस्ती अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवावयाचा असल्याने तो गुप्त कागद नव्हे. वर्षानुवर्षांचे अहवाल तालुक्याच्या कचेऱ्यांत पडून आहेत. जिल्ह्यातील अहवालांतले डावे रकाने तेवढे उतरवून, संस्था व गावे वगळून, आक्षेपांचे वर्गीकरण करणे हे एखाद्या विद्यापीठीय विभागाच्या आवाक्यातील काम आहे, आणि विभाग कोणावर वसुली लावू शकत नाही. उजवा रकाना जुना उतरवावयाचा नाही; तो संबंधित सचिवांकडून नव्याने, तोंडी विचारून, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावयाचा. 'हातशिल्लक' ह्या एका शब्दाखाली पालमचा ओढा, पूर्णेची बंद शाखा आणि चेअरमनांच्या घरचे कार्य अशा तीन वेगळ्या नोंदी तीन वेगळ्या क्रियापदांसह आल्या, तर पाथरीच्या नव्या सचिवाला आपली अडचण त्यांतील कितव्या क्रमांकाची आहे ते पाहता येईल.